ग्लिको-मोरिनागा प्रकरण: संशयित समोर असूनही तपास का फसला?

जपानमधील १९८४-८५ च्या ग्लिको-मोरिनागा प्रकरणाबद्दल विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: संशयित पोलिसांना दोनदा प्रत्यक्ष दिसला, एक माणूस दुकानाच्या कॅमेऱ्यात टिपला गेला, देशभरातील पोलीस त्या टोळीच्या मागे लागले, तरीही एकालाही अटक का झाली नाही? ते गुन्हेगार खरोखरच इतके असामान्य बुद्धीचे होते का?

माझी सेवा महाराष्ट्रात पोलीस खात्यात झाली आणि तिच्यातली बरीच वर्षे खंडणी आणि अपहरणाच्या तपासात गेली. त्या कामाच्या अनुभवातूनच मी हे प्रकरण वर्षानुवर्षे वाचत आलो आहे, म्हणून माझे मत आधीच सांगून टाकतो. ती माणसे धाडसी होती, निर्दय होती आणि एका पोलीस दलाची हद्द कुठे संपून दुसऱ्याची कुठे सुरू होते हे त्यांना पक्के ठाऊक होते. पण ती असामान्य नव्हती. त्यांना वाचवले ते पोलिसांच्याच दोन निर्णयांनी, आणि ते निर्णय घेणाऱ्या अनुभवी अधिकाऱ्यांना त्या वेळी ते शहाणपणाचेच वाटले होते. कोणीही जबाबदार अधिकारी अशी चूक करू शकतो, आणि त्यामुळेच हे प्रकरण माझ्या मनातून जात नाही.

सुरुवात अपहरणाने झाली. १८ मार्च १९८४ रोजी, रविवारी, रात्री नऊच्या सुमारास ह्योगो प्रांतातील निशिनोमिया शहरात चेहरे झाकलेली माणसे आधी एका वृद्ध बाईंच्या घरात शिरली. त्यांना बांधून शेजारच्या घराची किल्ली घेतली आणि त्या घरातून त्यांचे चिरंजीव काट्सुहिसा एझाकी यांना, ते मुलांसह अंघोळ करत असताना, तशाच अवस्थेत उचलून नेले. एझाकी तेव्हा ४२ वर्षांचे होते आणि एझाकी ग्लिको या कंपनीचे अध्यक्ष होते. कॅरमेलच्या खोक्यात छोटे खेळणे घालून विकणारी आणि पुढे ‘पॉकी’मुळे जगभर पोहोचलेली ही कंपनी म्हणजे जपानी घरांत मुलांच्या खाऊचे दुसरे नाव होते.

त्यांच्या सुटकेसाठी १०० कोटी येन रोख आणि १०० किलो सोने अशी मागणी आली. खंडणीचे गुन्हे हाताळलेल्या माणसाला पहिली शंका इथेच येते. दहा हजार येनची एक नोट साधारण एक ग्रॅम भरते, म्हणजे १०० कोटींच्या नोटांचेच वजन १०० किलो होते, आणि त्यावर तेवढेच सोने. दोनशे किलोंचे ओझे घेऊन खंडणीखोर पळणार कसा? ज्याला पैसा खरोखर हवा असतो तो एका हाताने उचलून चालू लागता येईल आणि घरच्यांना दोन दिवसांत उभी करता येईल एवढीच रक्कम मागतो. त्यामुळे मागणारे एकतर या कामात नवखे असावेत, नाहीतर पैसा हा त्यांचा एकमेव हेतू नसावा, असे मला पहिल्यापासून वाटत आले आहे. पैसे देण्याघेण्याची वेळ आलीच नाही. एझाकींना ओसाका प्रांतातील इबाराकी येथे नदीकाठच्या एका गोदामात, पूरनियंत्रणाचे साहित्य ठेवतात तिथे, कोंडले होते. तिसऱ्या दिवशी, २१ मार्चला, ते बंध सोडवून स्वतःच बाहेर पडले.

एरवी प्रकरण इथे थंडावले असते. अपहृत माणूस सुखरूप परतला की खंडणीखोर सहसा गाव सोडतात. ही टोळी मात्र परतली. १० एप्रिलला ओसाकामध्ये ग्लिकोच्या आवारातील वाहनांना आग लावण्यात आली. काही दिवसांनी हायड्रोक्लोरिक आम्ल भरलेला डबा आणि धमकीची चिठ्ठी सापडली. मे महिन्यात वृत्तपत्रांकडे पत्रे आली की ग्लिकोच्या मालात सायनाइड मिसळले आहे. पत्रांखाली सही होती ‘एकवीस मुखवट्यांचा राक्षस’, आणि ती सही जपानी मुलांच्या जुन्या रहस्यकथांतल्या वीस मुखवट्यांच्या खलनायकावरून घेतलेली होती. पत्रे जपानी टंकलेखन यंत्रावर, बहुतांशी साध्या हिरागाना अक्षरांत आणि ओसाकाकडच्या बोलीत लिहिलेली असत. त्यांत पोलिसांना मूर्ख म्हटलेले असे आणि टिंगल म्हणून सुगावेही दिलेले असत: टंकलेखन यंत्र कोणत्या बनावटीचे, कारखान्यात शिरलो ते पुढच्याच दरवाजाने, डबा उचलला तो रस्त्यावरच्या कचऱ्यातून.

दुकानदारांनी ग्लिकोचा माल फळ्यांवरून उतरवला. कंपनीची विक्री कोसळली आणि सुमारे ४५० अर्धवेळ कामगारांना घरी बसावे लागले. हे सगळे एका पत्राने घडवले, विष पोहोचण्याच्याही आधी.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. तपासातील तीन रात्री एकापाठोपाठ एक पाहिल्या, तरच काय बिघडले ते कळते. त्या सुट्या सुट्या सांगितल्या की पोलीस नुसते बावळट दिसतात, आणि ते खरे नाही.

पहिली रात्र २ जून १९८४ ची. ग्लिकोकडे ३० कोटी येनची मागणी होती आणि पैसे ओसाकाजवळच्या एका उपाहारगृहाच्या आवारात पोहोचवायचे होते. पोलिसांनी सापळा रचला. एक तरुण पैशांची गाडी घ्यायला आला आणि पोलिसांनी त्याला पकडले. चौकशीत कळले की तो टोळीतला नव्हताच. थोड्या वेळापूर्वी तो आपल्या मैत्रिणीबरोबर गाडीत बसलेला असताना टोळीने दोघांना धरले होते, तिला ओलीस ठेवले होते आणि त्याला या कामावर पाठवले होते. सुदैवाने त्या मुलीला नंतर सोडून देण्यात आले.

त्या रात्री वरिष्ठांच्या मनावर काय परिणाम झाला असेल, याची कल्पना मी करू शकतो. पैसे घ्यायला येणारा निर्दोष असू शकतो आणि त्याला हात लावला तर कुठेतरी एखादा जीव जाऊ शकतो, हा धडा तिथल्या प्रत्येक अधिकाऱ्याने घेतला असणार. धडा खरा होता. घात असा झाला की तो पुढच्या प्रसंगाला जसाच्या तसा लावला गेला.

पुढचा प्रसंग चारच आठवड्यांनी, २८ जूनला आला. दरम्यान टोळीने पत्र लिहून ग्लिकोला ‘माफ’ केले होते आणि मारुदाई या मांसपदार्थ बनवणाऱ्या कंपनीकडे ५ कोटी येन मागितले होते. सूचना अशी होती की कंपनीच्या माणसाने ताकात्सुकी स्थानकावरून क्योटोकडे जाणारी गाडी पकडावी, खिडकीजवळ बसावे आणि रुळांच्या बाजूला पांढरे निशाण दिसताच पैशांची पिशवी बाहेर फेकावी. कंपनीच्या माणसाच्या जागी एक गुप्त पोलीस बसला आणि डब्यात आणखी पोलीस पसरले. पैसे टोळीच्या हाती गेले नाहीत. मात्र डब्यात एक धिप्पाड, आखूड कुरळ्या केसांचा माणूस पिशवीवाल्याकडे सतत पाहत असल्याचे पोलिसांच्या लक्षात आले. त्याचे डोळे बारीक आणि वर खेचल्यासारखे होते. ‘कोल्ह्याच्या डोळ्यांचा माणूस’ हे त्याचे पुढे देशभर गाजलेले नाव त्या वर्णनातून आले. पिशवीवाला क्योटोला उतरला तर हाही उतरला, आणि पिशवीवाला परत फिरला तर हाही परत फिरला.

पोलिसांना त्याला थांबवून नाव-गाव विचारायचे होते. तशी परवानगी वरून मिळाली नाही. एका माणसाला हात लावून बाकीच्यांना सावध करायचे नाही, एकाच जाळ्यात सगळे मासे ओढायचे, असे धोरण ठरलेले होते. शेवटी क्योटो स्थानकाच्या गर्दीत तो पाळत चुकवून नाहीसा झाला.

इथे मला माझी एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण तिच्यामुळेच मी त्या अधिकाऱ्यांना सरळ दोष देऊ शकत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका खाद्यपदार्थ विक्रेत्याला धमकीची चिठ्ठी आली होती की, रक्कम दिली नाही तर मालात काहीतरी कालवू आणि गावभर बोभाटा करू. रक्कम एसटी स्थानकाच्या आवारात एका ठरावीक ठिकाणी ठेवायची होती. आम्ही साध्या वेशात दबा धरून बसलो. एक पोरगा आला, पिशवी उचलली आणि मोटारसायकलवर बसून निघाला. त्याला तिथेच धरता आले असते. ‘हा नुसता हमाल आहे, मागचे साहेब हवेत,’ असा विचार करून आम्ही त्याच्या मागे निघालो आणि शहराबाहेरच्या पहिल्याच नाक्यावर त्याला गमावले. पुढचे पोलीस ठाणे दुसऱ्या हद्दीतले होते आणि त्यांना आम्ही काहीच कळवले नव्हते. बातमी फुटू नये म्हणून. तो पोरगा पुन्हा दिसला नाही. त्या व्यापाऱ्याने पुढची काही वर्षे दुकान सुरू ठेवले, पण माझ्याशी बोलताना त्याच्या आवाजात जो बदल झाला होता तो मला अजून आठवतो.

म्हणून मी हे ठामपणे सांगतो की पैसे घ्यायला आलेला माणूस आणि पैशांवर नजर ठेवायला आलेला माणूस हे दोन वेगळे असतात. पहिला जबरदस्तीने पाठवलेला असू शकतो. दुसरा तसा असण्याची शक्यता फार कमी, कारण पाळत ठेवायला खंडणीखोर परक्या माणसावर विश्वास टाकत नाही. २ जूनचा धडा पहिल्या प्रकारच्या माणसाबद्दल होता. २८ जूनला समोर होता तो दुसऱ्या प्रकारचा. शिवाय कोणी ओलीस असल्याची कुठलीही खूण त्या रात्री नव्हती. त्याला तिकीट तपासण्याच्या निमित्ताने थांबवून, नाव-पत्ता घेऊन, अटक न करता सोडून दिले असते तरी तपासाला एक नाव मिळाले असते. संपूर्ण प्रकरणात पोलिसांना कधीच मिळाले नाही ते एवढेच.

उन्हाळा संपल्यावर मोरिनागा या मिठाई बनवणाऱ्या कंपनीची पाळी आली. सप्टेंबरमध्ये १० कोटी येनची मागणी झाली आणि ऑक्टोबरमध्ये ‘देशभरच्या आयांना’ उद्देशून लिहिलेले पत्र वृत्तसंस्थांकडे पोहोचले. त्यात म्हटले होते की शरद ऋतू हा खाण्याचा ऋतू आहे, खाऊ म्हटला की मोरिनागाचाच, आम्ही त्याला सायनाइडची खास चव दिली आहे, दात किडणार नाहीत, मुलांना घेऊन द्या. वीस खोकी दुकानांत ठेवली आहेत असेही लिहिले होते. यावेळी ती पोकळ धमकी नव्हती. ओसाका, क्योटो, ह्योगो आणि आसपासच्या दुकानांत मोरिनागाच्या मिठाईची खोकी खरोखरच सापडली. त्यांत सोडियम सायनाइड होते आणि वर कागद चिकटवला होता: विष आहे, धोका आहे, खाल तर मराल. फेब्रुवारी १९८५ मध्ये टोकियो आणि नागोया इथेही विषारी मिठाई सापडली.

या मिठाईने एकाही माणसाचा मृत्यू झाला नाही. काही जण त्यावरून टोळीला जणू श्रेय देतात. मला ते मान्य नाही. वाचता न येणाऱ्या मुलाच्या हाती ते खोके पडले असते तर तो कागद काय कामाचा होता?

मोरिनागावर नेम धरणाऱ्यांना लोकांच्या आठवणी ठाऊक असाव्यात असे मला वाटते. १९५५ साली याच समूहातील मोरिनागा मिल्क या कंपनीच्या दूध भुकटीत आर्सेनिक गेल्याने पश्चिम जपानमध्ये शंभराहून अधिक तान्ही मुले दगावली होती आणि हजारो आजारी पडली होती. १९८४ साली जी बाई आई होती, तिच्या आईला ते दिवस आठवत होते. मोरिनागा हे नाव, विष आणि लहान मूल या तीन गोष्टी त्या भागात एकत्र उच्चारल्या की मनात काय उठत असेल, ते बाहेरच्या माणसाला पटकन कळणार नाही. दुकानांनी माल घेणे थांबवले तेव्हा मोरिनागाच्या कर्मचाऱ्यांनी हजार येनच्या पिशव्या भरून त्या स्वतः रस्त्यावर उभे राहून विकल्या, आणि लोकांनी त्या विकतही घेतल्या. या साऱ्या काळोख्या हकिकतीतली ही एक गोष्ट वाचताना मला बरे वाटते.

याच काळात निशिनोमियातील एका दुकानाच्या कॅमेऱ्यात योमिउरी जायंट्स या बेसबॉल संघाची टोपी घातलेला एक माणूस फळीवर काहीतरी ठेवताना टिपला गेला. पोलिसांनी ते चित्रण दूरचित्रवाणीवर दाखवले. पण त्या काळचे चित्रण अंधूक होते आणि टोपी लाखोंनी विकली जाणारी होती. टोपीप्रमाणेच टंकलेखन यंत्र, डबा, कागद, चिकटपट्टी, ध्वनिफीत यांचा माग काढण्यात पोलिसांनी माणसांचे डोंगर घातले. साधारण १३ लाख मनुष्यदिवस खर्ची पडले आणि सव्वा लाखाच्या आसपास लोकांची तपासणी झाली, असे आकडे पुढे जाहीर झाले. हाती काही आले नाही, कारण प्रत्येक वस्तू मोठ्या कारखान्यात बनलेली आणि कुठेही मिळणारी होती. आमच्या काळी गावठी पिस्तुलावरून कारागिरापर्यंत पोहोचता येई, कारण ते एका माणसाच्या हातचे असे. लाखाने बनणारी वस्तू अशी काही सांगत नाही.

तिसरी रात्र १४ नोव्हेंबर १९८४ ची, आणि माझ्या मते हीच निर्णायक. यावेळी हाऊस या खाद्यपदार्थ कंपनीकडे १० कोटी येन मागितले होते. सूचना ध्वनिफितीवरून आल्या आणि फितीवर आवाज एका लहान मुलाचा होता: क्योटोच्या दिशेने, एक नंबरच्या रस्त्याने, दोन किलोमीटर, जोनानगू थांब्यावरच्या बाकाच्या मागे. तिथे चिकटवलेल्या कागदावर पुढची सूचना, तिथून पुढची. पैशांची गाडी अशी टप्प्याटप्प्याने मेइशिन द्रुतगती महामार्गावर, शिगा प्रांतात, नेण्यात आली. ओत्सु येथील विश्रांतिस्थानावर ओसाकाच्या पोलिसांना पुन्हा तोच कोल्ह्याच्या डोळ्यांचा माणूस दिसला. पुन्हा त्याला थांबवण्यात आले नाही. पुढे महामार्गाच्या कठड्यावर पांढरे कापड बांधलेले असेल आणि त्याखालच्या डब्यात पुढची सूचना असेल, असे सांगितले होते. कापड सापडले, डबा नव्हता. कारवाई आवरती घेण्यात आली.

आता त्याच कापडाच्या खाली, महामार्गाखालून जाणाऱ्या साध्या रस्त्यावर, काय घडले ते पाहा. पैशांची गाडी तिथे पोहोचण्याआधी शिगा पोलिसांची एक गस्तीची गाडी त्या रस्त्याने चालली होती. कापडापासून पन्नास मीटरच्या आत दिवे बंद आणि इंजिन चालू असलेली एक मोटार त्यांना दिसली. गस्तीवरच्या पोलिसाने रोजच्या सवयीने बॅटरीचा झोत टाकला. आत टोपी डोळ्यांवर ओढलेला, कानाला यंत्र लावलेला माणूस होता. त्याने गाडी पळवली. पाठलाग झाला, पण ती हुलकावणी देऊन निसटली आणि नंतर कुसात्सु स्थानकाजवळ सोडून दिलेली सापडली. गाडी चोरीची होती आणि आतल्या यंत्रावर अनेक प्रांतांच्या पोलिसांचे बिनतारी संभाषण ऐकता येत होते.

त्या गस्तीवाल्याला तिथे काय चालले आहे याची काडीइतकीही कल्पना नव्हती. गुप्तता राखण्यासाठी शिगाच्या पोलिसांना महामार्गापासून दूर राहण्यास सांगितले गेले होते आणि खालच्या पायरीवरच्या माणसांना कारवाईची माहितीच दिली नव्हती. माहिती असती तर त्याने गाडीसमोर गाडी आडवी घातली असती, किंवा लांबून क्रमांक टिपून मदत मागवली असती. दिवे बंद करून थांबलेली गाडी त्याला संशयास्पद वाटली आणि त्याने तपासली, म्हणजे त्याने आपले काम चोख केले. टोळीतल्या माणसाच्या सर्वांत जवळ पोहोचलेला पोलीस हा असा होता, की ज्याला आपण कोणाच्या जवळ पोहोचलो आहोत हेच सांगितले गेले नव्हते. आणि ज्याच्यापासून गुप्तता राखायची तो गाडीत बसून साऱ्यांचे बोलणे ऐकत होता.

‘हद्द’ हा शब्द आमच्या खात्यात रोज कानावर पडतो. मृतदेह कोणाच्या हद्दीत, अपघात कोणाच्या हद्दीत, यावर तक्रारदाराला एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात हेलपाटे घालायला लावणे हे आपल्याकडे इतके रूढ होते की शेवटी कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवण्याची सक्ती करावी लागली. जपानमध्ये पोलीस दल प्रांतवार असते. या टोळीने ह्योगोत अपहरण केले, ओसाकात माणूस कोंडला, क्योटोत सूचना चिकटवल्या आणि पैसे शिगामध्ये मागवले. केंद्रीय पातळीवर हे प्रकरण विशेष महत्त्वाचे म्हणून घोषित झालेले होते आणि चार प्रांतांचा समन्वय कागदावर होता. पण महामार्गाच्या वरच्या पोलिसांकडून खालच्या पोलिसांपर्यंत तो पोहोचला नाही.

कोल्ह्याच्या डोळ्यांच्या माणसाचे रेखाचित्र लोकांसमोर आले ते जानेवारी १९८५ मध्ये. पहिल्यांदा दिसल्यापासून सहा महिने उलटून गेल्यावर. हीही एकाच जाळ्यात सगळे पकडण्याच्या धोरणाचीच पुढची पायरी होती. चेहरा लपवून ठेवला म्हणजे तो बेसावध राहील, असा हिशेब होता. परंतु रेल्वेच्या डब्यात त्याच्या शेजारी बसलेले प्रवासी, स्थानकावरचे विक्रेते, कोपऱ्यावरचा टॅक्सीवाला, यांची ताजी आठवण हीच अशा तपासातली खरी संपत्ती असते आणि ती सहा महिने टिकत नाही.

काही वाचक या प्रकरणाची तुलना शिकागोच्या टायलेनॉल प्रकरणाशी करतात. ते दीड वर्ष आधी, सप्टेंबर १९८२ मध्ये घडले होते. सायनाइड घातलेल्या कॅप्सूलमुळे सात जण मृत्युमुखी पडले आणि मारेकरी सापडला नाही. कंपनीकडे खंडणी मागणाऱ्या एका माणसाला शिक्षा झाली, पण विष त्याने घातल्याचे सिद्ध झाले नाही. तपासाच्या दृष्टीने दोन्हींत मोठा फरक आहे. शिकागोत विष ठेवणारा गप्प राहिला. जपानमध्ये तो वर्षभर बोलत राहिला, पत्रे लिहीत राहिला, भेटीच्या जागा ठरवत राहिला. बोलणारा गुन्हेगार सापडण्याची संधी पुन्हा पुन्हा देतो. म्हणूनच जपानमधले अपयश मला अधिक बोचते.

शेअर बाजारात भाव पाडून नफा कमावण्याचा डाव, कंपनीतला जुना आकस, संघटित गुन्हेगारी अशा अनेक तर्कांची छाननी झाली आणि एकही सिद्ध झाला नाही. ज्ञात व्यवहारांपैकी कुठेही टोळीने पैसे उचलले नाहीत, या एका गोष्टीमुळे बाजाराचा तर्क आजही मांडला जातो. त्यापलीकडे त्यावर लिहिण्यासारखे काही नाही.

शेवट फार क्लेशकारक झाला. शिगा प्रांताच्या पोलीसप्रमुखांनी ७ ऑगस्ट १९८५ रोजी, निवृत्तीच्या दिवशीच, आपले जीवन संपवले. पाच दिवसांनी टोळीचे अखेरचे पत्र आले. त्यात त्यांच्या मृत्यूचा उल्लेख करून, खाद्यपदार्थांच्या कंपन्यांना छळणे आता थांबवतो, असे म्हटले होते. योगायोग असा की त्याच १२ ऑगस्टला जपान एअरलाइन्सचे विमान कोसळून ५२० माणसे गेली आणि त्यांत हाऊस कंपनीचे अध्यक्षही होते. त्यानंतर टोळीकडून एक ओळही आली नाही.

खाऊच्या खोक्यांवर आज जे पातळ प्लास्टिकचे घट्ट आवरण असते, ते जपानमध्ये सर्रास झाले ते या प्रकरणानंतर. आधीचे खोके नुसते चिकटवलेले असे. उघडून पुन्हा बंद केले तरी कळत नसे. विक्रीच्या खाद्यपदार्थांत विष मिसळण्याविरुद्ध १९८७ मध्ये वेगळा कायदाही झाला.

आता टोळीतला कोणी स्वतःहून पुढे आला तर काय, असे प्रश्नाच्या ओघात येतेच. जपानी कायद्यातील मुदतीप्रमाणे अपहरणाचा गुन्हा मार्च १९९४ मध्ये आणि विष ठेवून खुनाचा प्रयत्न करण्याचा शेवटचा गुन्हा १३ फेब्रुवारी २००० रोजी मुदतबाह्य झाला. २०१० साली जपानने खुनासारख्या गंभीर गुन्ह्यांवरची मुदत काढून टाकली, पण इथे कोणाचा खून झालेला नव्हता आणि जुनी मुदत आधीच संपली होती. आपल्याकडे खंडणीसाठी अपहरणाला जन्मठेप किंवा फाशीची तरतूद असल्याने तशा गुन्ह्याला मुदतीची मर्यादा लागत नाही. साध्या खंडणीला मात्र जुन्या भारतीय दंड संहितेत तीन वर्षांपर्यंतच शिक्षा होती, त्यामुळे तिला तीन वर्षांची मुदत लागू असे. भारतीय न्याय संहितेने शिक्षा सात वर्षांपर्यंत नेल्यावर ती अडचण दूर झाली.

जपानमध्ये आता खटला होणे नाही, पण उलगडा व्हायला कायद्याची मुदत आड येत नाही. तपास माझ्याकडे असता तर मी आज टोपी किंवा टंकलेखन यंत्र यांच्यामागे गेलो नसतो. मी त्या ध्वनिफितीवरच्या आवाजाच्या मागे गेलो असतो. कोणीतरी एका लहान मुलाला घरात बसवून ते शब्द वाचायला लावले होते: एक नंबरच्या रस्त्याने, दोन किलोमीटर, बाकाच्या मागे. ते मूल गुन्हेगार नव्हते. आज ते जिवंत असेल तर वयाने पन्नाशीच्या आसपास असेल, आणि तो कागद आपल्या हातात कोणी दिला होता हे कदाचित त्याला आठवतही असेल.